हीटरचे आतले पाईप बदलायचेत? जुनी डिझेल पिकअप असणाऱ्यांसाठी, सोलापुरातून

सोलापुरात हीटर कोण लावतंय ओ? मे महिन्यात काच खाली केली की फुकटचा हीटर चालू. मी सहा वर्षं गाडी चालवली, हीटरच्या बटणाला एकदाही हात लावला नाही, आणि त्याच हीटरच्या पाईपानं मला नळदुर्गच्या पुढं रात्री अकराला रस्त्याकडेला बसवलं. मागं टॉवेल-चादरीचा माल, हैदराबादला सकाळी पोचवायचा, आणि बॉनेटमधून वाफ.

त्याआधी तीन महिने गाडी पाणी पीत होती. रोज सकाळी अर्धा-पाऊण लिटर घालायचो, खाली थेंब नाही. एकानं सांगितलं रेडिएटर गेला, तो बदलला. दुसऱ्यानं सांगितलं हेड पॅकिंग (इंजिनच्या वरच्या भागाखालचं पॅकिंग) गेलं, नशीब तेवढे पैसे नव्हते. शेवटी निघालं काय, तर इंजिनच्या मागं, मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळांच्या जोडाच्या) खाली, हात जात नाही अशा जागी लोखंडी पाईप सडलेला. पाईप साधा. तिथवर पोचायला मात्र दीड दिवस गेला, ते पण एमआयडीसीकडच्या एका म्हाताऱ्या चाचांनी शेजारी उभं राहून शिव्या घालत शिकवलं म्हणून.

हे बॉनेटवाल्या जुन्या डिझेल पिकअप, छोटा ट्रक अशा गाड्यांसाठी लिहितोय. तुमच्या गाडीत पाईपाची वाट थोडी वेगळी असेल पण प्रकार तोच.

१. हीटर बंद असला तरी पाईपात पाणी असतं, हे आधी डोक्यात घ्या

इंजिनच्या हेडमधून गरम पाणी एका पाईपानं डॅशबोर्डमागच्या हीटरच्या जाळीत जातं, दुसऱ्या पाईपानं परत वॉटर पंपाकडं येतं. बऱ्याच गाड्यांत हे पाणी बारा महिने फिरतंच, बटण फिरवलं की आत फक्त हवेचा पडदा उघडतो-मिटतो. काही गाड्यांत मध्ये कॉक असतो, पण कॉकपर्यंतच्या पाईपात दाब असतोच की. म्हणजे हीटर वापरा नाहीतर वापरू नका, पाईप आतून सडायचा तो सडतोच.

आणि आपल्याकडं तो जास्त का सडतो, तर पाणी. नळाला काही-काही दिवसांआड पाणी, ते काय कोण रेडिएटरला घालतंय, म्हणून सगळे बोअरचं ओततात. आपल्या बोअरच्या पाण्यानं चहाच्या पातेल्याला पांढरा थर येतो तोच थर आत बसतो, आणि कूलंट (रेडिएटरमध्ये घालायचं गंजरोधक द्रव) नसलेल्या साध्या पाण्यानं लोखंडाला गंज धरतो. माझा जुना पाईप कापून बघितला, आतली वाट करंगळीएवढी राहिली होती.

२. गळती तिथलीच आहे का, खात्री करा

माझ्यासारखा रेडिएटर बदलून बसू नका. खाली थेंब दिसत नाही कारण पाणी गरम इंजिनवर, सायलेन्सरच्या पाईपवर पडून वाफ होऊन जातं. मग ओळखायचं कसं:

- चालवून थांबल्यावर बॉनेट उघडलं की गोडसर उग्र वास येतो (कूलंट घातलं असेल तरच हां, साध्या पाण्याला वास नाही).
- इंजिनच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्स जोडतो तिथं पांढरे, हिरवे नाहीतर तांबूस ओघळ सुकलेले दिसतात.
- क्लीनर साईडला (डाव्या बाजूला) पायाखालचा मॅट ओला होत असेल, काचेवर आतून चिकट धुकं धरत असेल, तर पाईप नाही, हीटरची जाळीच फुटलीय. ते काम वेगळं, डॅशबोर्ड उतरवायचं.
- एक्झॉस्टमधून गरम झाल्यावरही पांढरा धूर, ऑइलला दुधाळ रंग, रेडिएटरमध्ये सारखे बुडबुडे, असं असेल तर मग हेड पॅकिंगचं बघा.

सगळ्यात भारी उपाय म्हणजे प्रेशर टेस्टर. रेडिएटरच्या टोपीच्या जागी पंप बसवायचा, टोपीवर जेवढा आकडा लिहिलाय तेवढाच दाब द्यायचा, थंड इंजिनवर, आणि पंधरा मिनिटं बसायचं. काटा खाली आला की टॉर्च घेऊन शोधा. रेडिएटरवाल्यांकडं हा टेस्टर असतो, नुसतं टेस्ट करून द्या म्हणायचं. मी हे आधी केलं असतं तर रेडिएटरचे पैसे वाचले असते, असो.

हात जात नाही तिथं बघायला मोबाईल. व्हिडिओ चालू करायचा, फ्लॅश लावायचा आणि मोबाईल मॅनिफोल्डच्या मागं सरकवायचा. दोरी बांधून सरकवा. माझा एकदा आत पडला होता.

३. बायपास चालतो का?

हा प्रश्न सगळे विचारतात कारण आपल्याला हीटर लागतच नाही. रस्त्यात अडकलात तर चालतो. म्हणजे इंजिनकडून येणारं तोंड आणि पंपाकडं जाणारं तोंड एकाच रबरी होजनं जोडून टाकायचं, हीटर बाजूला. पण दोन गोष्टी बघा. एक, दोन्ही तोंडं बूच मारून बंद करू नका, काही इंजिनांत थर्मोस्टॅट (पाणी तापलं की उघडणारा व्हॉल्व) उघडायच्या आधी पाणी याच वाटेनं फिरत असतं, ती वाट बंद केली तर एकीकडं इंजिन तापतं आणि डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा वेगळंच दाखवतो. दोन, होज गाडीचाच पाहिजे. मी त्या रात्री ढाब्यावरून बागेचा हिरवा पाईप कापून लावला, दहा किलोमीटर पण गेला नाही, मऊ होऊन फुगला आणि सुटला.

आणि बायपास केला तरी लोखंडी पाईप त्या वाटेतच असेल तर फायदा शून्य, सडका तुकडा तसाच राहिला. शिवाय पावसाळ्यात काचेवरचं धुकं घालवायला हीटर लागतोच, घाटात कधी गेलात तर कळेल. म्हणून मी म्हणतो बदलूनच टाका.

४. सामान आधी गोळा करा, मग बोल्टला हात लावा

गाडी खोलून ठेवायची आणि मग बाजारात पळायचं, रविवार निघतो, दुकानं बंद. यादी:

- दोन्ही लोखंडी पाईप. स्पेअर पार्टच्या दुकानात जाताना आरसी बुकाचा फोटो न्या, इंजिन नंबर आणि सालावरून पाईप बदलतो.
- रबरी होजचे चारही तुकडे. माप आतल्या व्यासाचं सांगायचं, साधारण १६ नाहीतर १९ मिमी असतं, जुन्या तुकड्यावर कधीकधी छापलेलं असतं. हीटर होजच मागा, डिझेलचा होज देतील तर घेऊ नका.
- क्लिपा आठ, वर दोन जास्त. एक तरी आत पडतेच.
- पाईप जिथं ब्लॉकला बसतो तिथलं पॅकिंग किंवा ओ-रिंग.
- कूलंट, डिस्टिल्ड वॉटर.
- ८, १०, १२, १३ च्या गोट्या (सॉकेट), छोटं रॅचेट, लांब एक्स्टेन्शन, आणि वाकणारा जॉइंट. हा जॉइंट नसेल तर सुरूच करू नका.
- लांब मानेची पक्कड, कटर, चुंबक लावलेली काडी, छोटा आरसा, हेडटॉर्च.
- गंज सोडवायचं तेल, वायर ब्रश, बारीक पॉलिश पेपर.
- मोठी परात, झाकणाचा कॅन, जुन्या बनियनच्या चिंध्या.

कागदपत्र म्हणाल तर आरसी बुक सोडून काही लागत नाही. पार्टची पावती मात्र ठेवा, माप चुकलं तर दुकानदार पावतीशिवाय परत घेत नाही.

५. थंड करा, पाणी काढा

गाडी रात्रभर उभी असू द्या. गरम इंजिनची टोपी उघडायची नाही, हे सगळ्यांना माहीत असतं तरी दर उन्हाळ्यात कोणाचा तरी हात भाजतोच. आत साधारण एक किलोचा दाब असतो, त्या दाबाला पाणी १०० ला उकळत नाही, १२० च्या आसपास उकळतं. टोपी फिरवली की दाब सुटतो आणि सगळं पाणी एकदम उकळून बाहेर येतं, तोंडावर.

सपाट जागा, हँडब्रेक, मागच्या चाकाला दगड. बॅटरीची मायनस तार काढा, कारण स्टार्टरची जाड तार तिथंच असते आणि लोखंडी पाना लागला की ठिणगी. जॅकवर चढवून खाली शिरणार असाल तर घोडी (गाडी पेलणारा लोखंडी स्टँड) लावा. नुसत्या जॅकवर विश्वास ठेवून खाली जाऊ नका, विषय संपला.

रेडिएटरचा खालचा कॉक सोडून पाणी परातीत घ्या. कूलंट असेल तर गटारीत ओतू नका आणि उघडं ठेवू नका, चवीला गोड असतं, गल्लीतली कुत्री, शेरडं पितात आणि मरतात. कॅनमध्ये भरा, झाकण लावा. अल्टरनेटरवर प्लास्टिकची पिशवी बांधा.

६. वाट मोकळी करणं (वेळ इथंच जातो)

आधी फोटो. पाच नाही, पन्नास. प्रत्येक तार कुठून गेलीय, कुठली क्लिप कुठं तोंड करून आहे. जोडताना दुसऱ्या दिवशी काही आठवत नाही.

माझ्या गाडीत एअर फिल्टरचा डबा, तिथून मॅनिफोल्डला जाणारा मोठा पाईप, आणि एक ब्रॅकेट काढल्यावर वरून दोन बोटं जायला लागली. क्लीनर साईडच्या चाकावरचं प्लास्टिक काढल्यावर बाजूनं मनगट गेलं. चाचा म्हणाले, "वरून दिसतंय तिथून निघत नाय बेटा, निघतंय तिथून दिसत नाय." अगदी खरं. वरून बघायचं आणि बाजूनं हातानं चाचपायचं.

एवढ्यावर जमलं तर मॅनिफोल्ड काढू नका. काढायलाच लागला तर नवं पॅकिंग आणा, आणि हेडच्या उघड्या भोकांत चिंध्या कोंबा. चिंध्या मोजून कोंबा आणि मोजून काढा. एक नट आत पडला तर हीटरचा पाईप राहिला बाजूला, हेड उतरवावं लागेल.

डिझेलचे पाईप शक्यतो सोडवू नका. जुन्या पंपाच्या गाडीत सोडवले तर नंतर हवा काढायचा वेगळा उद्योग, आणि कॉमन रेल (नव्या पद्धतीचं डिझेल इंजेक्शन) असेल तर त्या पाईपांना घरी हातच लावायचा नाही, आत १००० बारच्या वर दाब असतो, धार कातडीतून आत शिरते.

७. जुनं काढणं, इथं घाई नको

आदल्या रात्रीच सगळ्या बोल्टांवर गंजाचं तेल मारून ठेवा, सकाळी परत एकदा.

रबर वर्षानुवर्षं चिकटून बसलेलं असतं. ते पकडीनं धरून पिळायचं नाही, विशेषतः हीटरच्या तोंडावरचं. ती नळी पितळेची नाहीतर ॲल्युमिनियमची, पातळ पत्र्यासारखी असते, पिळली की आतून तुटते आणि मग डॅशबोर्ड उतरवायची वेळ. माझ्या ओळखीच्या दोघांचं असंच झालंय. रबर उभं चिरायचं, कटरनं हलक्या हातानं, आणि केळीच्या सालीसारखं सोलून काढायचं. तसंही ते फेकायचंच आहे. फक्त नळीवर चरा पडू देऊ नका, चऱ्यातूनच पुढं गळतं.

लोखंडी पाईप दोन-तीन ब्रॅकेटवर बसलेला असतो. माझा पाईप नेमका ब्रॅकेटखाली सडला होता, तिथं चिखल आणि ओल साचून राहते, म्हणून बाहेरून चकाचक आणि ब्रॅकेट सोडल्यावर भोक. बोल्ट सुटत नसेल तर जोर लावून मुंडी तोडू नका, थोडा घट्ट करा, थोडा सोडा, परत तेल, परत घट्ट, परत सोडा. अर्धा तास गेला तर जाऊ द्या. तुटलेला बोल्ट त्या जागी ड्रिल करणं म्हणजे काय असतं ते मला विचारा.

पाईप बाहेर ओढायच्या आधी त्याच्या एका टोकाला सुतळी बांधा. पाईप बाहेर आला की सुतळी त्याच वाटेत राहते, नवा पाईप त्याच सुतळीला बांधून आत घ्यायचा. नाहीतर कुठल्या तारेच्या वरून आणि कुठल्या खालून, यात संध्याकाळ होते.

८. पाईप मिळाला नाही तर

जुन्या मॉडेलचा बऱ्याच वेळा मिळत नाही. मग करून घ्यायचा. जुना पाईप नमुना म्हणून न्या, तुकडे झाले असले तरी न्या. स्टेनलेसचा करून घेतला तर उत्तम. वाकवताना आत वाळू भरायला सांगा नाहीतर कोपऱ्यावर चेपतो.

सगळ्यात मोठी फसगत इथं होते, ऐका. पाईपाच्या टोकाला एक उठलेली कडा असते, अंगठीसारखी. क्लिप तिच्या मागं बसते आणि म्हणून होज सुटत नाही. करून देणारे बहुतेक जण गुळगुळीत कापून देतात, दिसायला छान, आणि दाब आला की होज सटकन बाहेर. कडा उठवून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

वेल्डिंग गळतंय का ते बसवायच्या आधीच बघा. एका टोकाला घट्ट बूच, दुसरीकडून पंक्चरवाल्याकडं थोडीशी हवा, २० पीएसआयच्या आसपास, आणि पाण्याच्या बादलीत बुडवायचा. ट्यूब बघतात तसं. बुडबुडा आला की परत वेल्डिंगवाल्याकडं. बूच उडू शकतं म्हणून तोंड समोर धरू नका.

जुन्याच पाईपावर एमसील लावून चालवू का, असं एकानं मला विचारलं. चालतं, पुढच्या ढाब्यापर्यंत.

९. नवीन बसवणं

ब्लॉकची जागा वायर ब्रशनं घासून पांढरी करा, जुन्या पॅकिंगचा कण राहू नये. हीटरच्या नळ्या बारीक पॉलिश पेपरनं गोल फिरवून साफ करा. होज बाहेरच पाईपावर चढवून घ्या, जेवढं बाहेर जमतंय तेवढं बाहेरच जोडा, आत फक्त शेवटची टोकं राहिली पाहिजेत.

होज चढत नाही म्हणून ग्रीस, ऑइल लावू नका. हीटर होजचं रबर तेलानं फुगतं आणि मऊ पडतं. कूलंटच लावा किंवा साबणाचं पाणी, सुळकन चढतो.

क्लिपेचा स्क्रू कुठं तोंड करून ठेवताय ते आत्ताच ठरवा. पुन्हा कधी घट्ट करायची वेळ आली तर पाना पोचला पाहिजे. कंपनीतून आलेल्या माझ्या एका क्लिपेचं तोंड भिंतीकडं होतं, इंजिन बसवायच्या आधी लावलेली असणार. आणि क्लिप जीव खाऊन आवळू नका, रबरात रुतून कापते. रबर क्लिपेच्या फटींतून किंचित वर आलं की बास.

ब्रॅकेटचे सगळे बोल्ट आधी दोन-दोन आटे लावून सैल ठेवा, पाईप आपोआप जागेवर बसू द्या, मग एकेक घट्ट करा. एक बोल्ट पूर्ण आवळून मग दुसऱ्याचं भोक जुळवायला गेलात तर नव्या पाईपाला पिळ बसतो आणि तिथंच तडा जातो.

१०. पाणी भरणं आणि हवा काढणं

आधी साध्या स्वच्छ पाण्यानं आतला गाळ धुवा. हीटरच्या जाळीत सर्व्हिसिंगचा प्रेशर मारू नका, जुनी जाळी फुटते, बारीक धारेनं उलट्या बाजूनं पाणी सोडा.

मग कूलंट. डब्यावर बघा, तयार मिक्स आहे का पाणी घालायचं आहे. तयार मिक्समध्ये परत निम्मं पाणी घालणारे लई बघितलेत. कॉन्सन्ट्रेट असेल तर निम्मं डिस्टिल्ड वॉटर, निम्मं कूलंट. सोलापुरात पाणी गोठत नाही मग कशाला, असं म्हणू नका, इथं ते गंजासाठी आणि उकळण्यासाठी लागतं. हिरव्यात लाल मिसळू नका, आणि नुसता रंग सारखा म्हणजे प्रकार सारखा असंही नाही, गाडीच्या पुस्तकात लिहिलेलंच घ्या.

हीटर इंजिनच्या वरच्या अंगाला असतो म्हणून हवा तिथंच अडकते. गाडीचं नाक चढावर करा. हीटरचं बटण पूर्ण गरमवर. टोपी उघडी ठेवून हळूहळू भरा, वरचा मोठा होज हातानं दाबत राहा, बुडबुडे येत राहतील. हवेचा स्क्रू असेल तर सोडा, सलग धार आली की बंद. बॅटरीची तार जोडून स्टार्ट करा. डिझेल इंजिन उभ्या-उभ्या लवकर तापत नाही, वीस-पंचवीस मिनिटं धरा, मध्येमध्ये थोडी रेस द्या. थर्मोस्टॅट उघडला की वरचा होज एकदम गरम होतो आणि पातळी खाली जाते, मग परत भरून टोपी लावा. उकळी येऊन पाणी वर यायला लागलं तर इंजिन बंद करून लांब व्हा, टोपी तेव्हा लावायला जाऊ नका.

हीटरच्या दोन्ही नळ्यांना हलका हात लावून बघा. दोन्ही गरम म्हणजे पाणी फिरतंय. एक गरम एक गार म्हणजे अजून हवा आहे नाहीतर जाळी बोअरच्या पाण्यानं चोंदलीय. काटा वर चाललाय आणि हीटरमधून गार हवा येतेय, तर लगेच बंद करा, आत पाणी नाही.

११. पहिला आठवडा

लगेच लोड भरून लांब जाऊ नका. मी आधी नुसतं तुळजापूरला जाऊन आलो, घाट चढून. रात्री गाडी थंड झाल्यावर पातळी बघितली, पाव लिटर कमी, ते अडकलेल्या हवेचं होतं. दुसऱ्या दिवशी काही कमी नाही. क्लिपा शंभर-दोनशे किलोमीटरनंतर थंड इंजिनवर एकदा तपासा, नवं रबर दबतं आणि त्या अर्धा आटा सैल होतात. गिअरबॉक्सजवळ इंजिनखाली रात्रभर पेपर अंथरून ठेवा, सकाळी डाग दिसला तर कुठं ते नेमकं कळतं. ऑइलचा डाग असेल तर तो वेगळा पाहुणा.

उरलेलं पाणी मिसळलेलं कूलंट एक लिटरच्या बाटलीत भरून सीटखाली ठेवा आणि बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. आमच्या क्लीनरनं ते सरबत समजून झाकण उघडलं होतं.